आश्रमवासाच्या आठवणी : एक विचार

आमच्या पेटीत एक जुनी वही आहे. शिक्षण संपले होते आणि नोकरी लागावयाची होती, अशा मधल्या दिवसांत आम्ही एका आश्रमात तीन आठवडे राहिलो होतो. तेथील प्रमुखांची वचने रोज रात्री निजण्यापूर्वी आम्ही त्या वहीत उतरून ठेवीत असू. पुढे सरकारी चाकरीच्या निमित्ताने गावोगाव हिंडणे झाले. प्रत्येक बदलीच्या वेळी सामान हलके करताना वही हाती येई आणि प्रत्येक वेळी ती परत पेटीत जाई. अलीकडे आम्ही ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली. वचने चांगली आहेत. परंतु ती कोठल्याही सद्ग्रंथात सापडावीत अशी आहेत. त्यांतून त्या तीन आठवड्यांतील एकही सकाळ आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली नाही.

मग शेवटचे पान उलटले. त्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात कामाच्या पाळ्यांची यादी होती : भाजी चिरणे, ताटे घासणे, विहिरीचे पाणी ओढणे, संडास धुणे. संडासाच्या पाळीपुढे आमचे नाव होते आणि शेजारी जोडीदाराचे. त्या दोन नावांसरशी सगळे परत आले. राखेने काळी झालेली बोटे, ओल्या दोराचा वास, पहाटेच्या घंटेवर मनातल्या मनात काढलेला राग, सारे. आणखी एक गोष्ट आठवली. एके दिवशी डोके दुखते असे सांगून आम्ही पाळी चुकविली होती आणि त्या जोडीदाराने एक अक्षर न बोलता दोघांचे काम केले होते. त्या दिवशीच्या नोंदीत प्रमुखांचे सेवेवरील प्रवचन आहे. जोडीदाराचा उल्लेख नाही.

हा खाजगी कबुलीजबाब येथे देण्याचे कारण वाङ्मयीन आहे. आश्रमवासाच्या आठवणी हा भारतीय गद्यातील एक मोठा विभाग आहे, आणि आमच्या वहीत जो दोष आहे तोच त्या विभागातील पुष्कळशा लेखनात आहे. लेखक आश्रमात राहतो, परंतु लिहितो गुरूंविषयी. घंटा, चूल, शेजारी, भांडण, आजार हे सारे गाळून तो एक तेजोमय मूर्ती आपल्यापुढे ठेवतो. वस्तुतः गुरू एकटा असता तर आश्रमाची आवश्यकताच नव्हती. नाना स्वभावांची, नाना जातींची माणसे एका पंक्तीला बसून जगू शकतात काय, हा आश्रमाचा प्रयोग. ज्या आठवणींत ही माणसे नाहीत त्यांना चरित्राची टिपणे म्हणता येईल, आश्रमाच्या आठवणी म्हणता येणार नाही. या मताच्या उजेडात आम्ही काही ग्रंथांकडे पाहणार आहोत.

आरंभ घरापासून करू. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्या ‘लीळाचरित्रा’चा आपण अभिमान बाळगतो तो अशाच आठवणींचा संग्रह आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांभोवती जो परिवार जमला तो फिरता होता. आज या गावी, उद्या त्या देवळात, असा त्याचा मुक्काम असे. चक्रधरांनंतर म्हाइंभटांनी ऋद्धिपूर येथे त्या परिवारातील माणसांच्या आठवणी जमविल्या. नागदेवाचार्यांनी आपल्याला ठाऊक होते ते सांगितले आणि जेथे आपण हजर नव्हतो तेथील प्रसंगांसाठी ज्याच्या त्याच्याकडे पाठविले, असे परंपरा सांगते. ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांनी संपादिलेल्या आवृत्त्या चाळणाऱ्याला पाठभेदांचे दाट जाळे आढळेल. एका प्रसंगाची एकाची आठवण अशी, दुसऱ्याची तशी. न्यायालयात साक्षी नोंदवाव्यात तशी ही शिस्त आहे, आणि ती सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीत आहे.

परंतु आम्हाला त्याहून मोठे वाटते ते त्या आठवणींतील माणसांचे वैपुल्य. तेथे बाइसा आहेत. स्वामींच्या जेवणाखाण्याची, निजण्याबसण्याची काळजी त्यांच्याकडे आणि म्हणून अधिकाराचा एक करडा सूरही त्यांच्याकडे. तेथे महदाइसा आहेत. त्यांचे प्रश्न थांबत नाहीत. आलेगेले आहेत, भुकेले आहेत, रुसलेले आहेत. ज्यांना परमेश्वरावतार मानले त्या पुरुषाचे स्मरण करताना या मंडळींना एकमेकांची आठवण पुसून टाकावी लागली नाही. श्रद्धा आणि निरीक्षण यांचे वैर आहे, ही समजूत या ग्रंथाने खोटी पाडली आहे. बाहेरगावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना आणखी एक गोष्ट आवडेल. महानुभावांचे मठ पुढे पंजाबात आणि त्याही पलीकडे पेशावरापर्यंत गेले. तेथे त्यांना जयकृष्णी म्हणत, आणि त्या परमुलखात त्यांनी आपले मराठी ग्रंथ धर्मग्रंथ म्हणून जपले. मराठी गद्याच्या पहिल्या ठेव्याला परप्रांतवास नवा नाही.

आता आपल्या काळाच्या जवळ येऊ. गांधीजींनी १९१५ च्या मे महिन्यात अहमदाबादेजवळ कोचरब येथे सत्याग्रहाश्रम काढला. १९१७ मध्ये तो साबरमतीच्या काठी गेला आणि १९३३ मध्ये त्यांनी स्वतःच तो विसर्जित केला. अवघी अठरा वर्षे. तथापि या अठरा वर्षांविषयी जेवढे लिहिले गेले तेवढे दुसऱ्या कोणत्याही आश्रमाविषयी क्वचितच लिहिले गेले असेल. आमच्या मते त्यातले सर्वांत परखड लेखन खुद्द संस्थापकाचे आहे.

आश्रम निघून थोडे महिने झाले नाहीत तोच दुदाभाई, त्यांची पत्नी दानीबहेन आणि लहानगी लक्ष्मी हे अंत्यज कुटुंब तेथे राहावयास आले. ही हकीकत आत्मचरित्रात आहे. विहिरीवरच्या माणसाने शिव्या दिल्या, मदत करणाऱ्यांनी हात आखडले, पैसा संपला. मग एके दिवशी एक शेठ मोटारीतून आले आणि तेरा हजार रुपये देऊन निघून गेले. सांगणारा दुसरा कोणी असता तर या मोटारीशी थांबला असता, कारण चमत्काराची गोडी तेथे आहे. गांधीजी आणखी एक गोष्ट नोंदवितात : आपल्या पत्नीला आणि आश्रमातील इतर स्त्रियांना दानीबहेनचे येणे रुचले नव्हते, आणि त्यांच्या वागण्यातली ती थंड उपेक्षा आपल्याला दिसत होती. पैशाचे संकट बाहेरचे होते. हे संकट घरातले होते. आश्रमाची परीक्षा शेठजींच्या मोटारीपाशी झाली नाही, पाण्याच्या हंड्यापाशी झाली. एवढे सगळे असूनही एक उणीव राहतेच. ही थंड उपेक्षा आपल्याला दिसते ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी. जिने ती दिवसरात्र सोसली तिच्या तोंडून ती आपल्यापर्यंत आलेली नाही.

१९२९ मधील दुसरा प्रसंग आम्हा हिशेबी मंडळींच्या मनाला अधिकच लागणारा आहे. कस्तुरबांनी कोणा परक्यांनी दिलेले चार रुपये आश्रमाच्या कचेरीत जमा न करता आपल्यापाशी ठेवले. गांधीजींनी तो दोष, एका जवळच्या नातलगाच्या दोषाबरोबर, आपल्या साप्ताहिकातून जगजाहीर केला. लेखापरीक्षणाचा आक्षेप कसा झोंबतो हे ज्याने भोगले आहे त्याला चार रुपयांचे वजन सांगावयास नको. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या संस्थेत चार रुपये आणि चार हजार यांत तत्त्वतः भेद नाही, हे आम्हाला मान्य आहे. परंतु वाचक म्हणून आमचे मन त्या लेखापाशी अडते. तिथे व्रत बोलते, संस्थापक बोलतो, पती बोलतो. बाईचे म्हणणे काय ते कळत नाही. आश्रमाच्या आठवणींना ही मर्यादा जन्मतःच आहे. ज्यांना लिहिता येत होते, ज्यांना लिहावयाची सवड होती, त्यांचाच आश्रम कागदावर उरला. म्हणून जे लिहू शकत होते त्यांच्यावर इतरांच्या आठवणीचे ऋण अधिक.

येरवड्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये गांधीजींनी आश्रमाचा इतिहास लिहावयास घेतला. तो अपुरा राहिला आणि १९४८ मध्ये, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाला. आकर्षक ग्रंथ म्हणून त्याची शिफारस आम्ही करणार नाही; तो एखाद्या खात्याच्या अहवालासारखा कलमवार आहे. परंतु पहाटेच्या प्रार्थनेची वेळ कशी बदलत बदलत चार वाजून वीस मिनिटांवर ठरली, यासारखी माहिती त्यात आहे. उठणाऱ्यांच्या डोळ्यांवरची झोप त्या वेळापत्रकातून दिसते. थोर वचनांच्या दहा पानांपेक्षा हे एक वेळापत्रक आश्रमाविषयी अधिक सांगते.

काका कालेलकरांचे ‘बापूकी झाँकियाँ’ हे पुस्तक याच्या दुसऱ्या टोकाला आहे. काका साताऱ्याचे, घरी मराठी; पण गुजरातीत असे रमले की गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणत. या पुस्तकातला पेन्सिलीचा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असेल. मुंबईच्या काँग्रेसच्या गर्दीत गांधीजी एका इवल्याशा पेन्सिलीच्या तुकड्यासाठी सगळीकडे शोधाशोध करीत होते. काकांनी दुसरी पेन्सिल देऊ केली तरी ती त्यांना नको होती, कारण हरवलेली पेन्सिल मद्रासच्या एका मुलाने प्रेमाने दिलेली होती. प्रसंग गोड आहे आणि काकांनी तो नेमक्या जागी थांबविला आहे. तरी अशा प्रसंगांची माळ वाचून झाल्यावर आमच्या मनात थोडी हुरहूर राहते. प्रत्येक मणी पाणीदार, पण त्यांतून जाणारा दोरा म्हणजे रोजचा सहवास. तो दिसत नाही. ‘झाँकी’ म्हणजे देवळाच्या दारातून क्षणभर झालेले दर्शन. काका तर देवळाच्या आत राहत होते. त्यांच्यासारख्या डोळस माणसाने गाभारा सोडून ओवऱ्यांचे वर्णन केले असते तर केवढे काम झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

ओवऱ्यांतले वर्णन आपल्याला एका मुलाकडून मिळते. महादेवभाईंचे चिरंजीव नारायण देसाई यांचे बालपण साबरमती आणि सेवाग्राम येथे गेले. त्यांच्या गुजराती आठवणी १९६७ मध्ये निघाल्या. मुलाला गुरूंची भीती नसते आणि व्रतांचे ओझेही नसते. गीतेत अर्जुन एवढासा प्रश्न विचारतो आणि कृष्ण अध्यायभर उत्तर देतो. तुम्ही मात्र आमच्या लांब पत्रांना एका ओळीत उत्तर देता, अशी तक्रार बालनारायणाने गांधीजींकडे केली. कृष्णाला एकच अर्जुन होता, मला कितीतरी आहेत, अशा आशयाचे उत्तर आले. हसू येते, आणि त्याबरोबर एक गोष्ट ध्यानात येते. आश्रमवासीयांना आलेल्या गांधीजींच्या पत्रांचे संग्रह आपण वाचतो, त्यांत प्रेमाबाई कंटकांसारख्या तेजस्वी मराठी स्त्रीला लिहिलेली पत्रेही आली. तेव्हा आपण निम्माच संवाद वाचत असतो. उत्तरे छापली गेली. प्रश्न विचारणाऱ्यांचा जळफळाट, हट्ट, एकटेपण आपल्याला उत्तरांतून ताडावे लागते.

याच लेखकाने सांगितलेली १९३८ मधील ओरिसातील गोष्ट त्याहून गंभीर आहे. हरिजनांना बंदी असलेल्या पुरीच्या मंदिरात कस्तुरबा आणि नारायणच्या मातोश्री दुर्गाबहेन दर्शनाला गेल्या. मुलगा बाहेर राहिला. गांधीजी अतिशय व्यथित झाले, महादेवभाईंना बोल लागला, आणि जन्मभर सावलीसारखा राहिलेला तो सेवक आपल्याला मुक्त करा असे लिहून देण्यापर्यंत आला. येथे कोणीही दुष्ट नाही. दोन श्रद्धाळू बायका जगन्नाथाला भेटल्या, एवढेच. पण तत्त्व आणि भक्ती एका घरात राहू लागल्या की कोणाला तरी उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागते. आणि तो उभा राहिलेला मुलगाच येथे आठवण सांगतो आहे. या सगळ्यात बापाच्या मनाचे काय झाले हे त्या मुलाला दिसले, ही या पुस्तकाची थोरवी. बापूंचे मोठेपण त्याने कमी केलेले नाही; इतरांनाही त्यांची उंची मिळू दिली आहे.

पाँडिचेरीच्या आश्रमातील स्मरणलेखन निराळ्या घडणीचे आहे. श्रीअरविंद १९२६ च्या नोव्हेंबरात एकांतात गेले. वर्षातील ठरावीक दर्शनदिन सोडले तर साधकांना ते दिसत नसत. साहजिकच तेथील आठवणी पत्रांवर आणि प्रतीक्षेवर पोसल्या. १९३८ मध्ये पडून श्रीअरविंदांचे मांडीचे हाड मोडले आणि शुश्रूषेसाठी काही माणसांना त्यांच्या खोलीत प्रवेश मिळाला. त्यांतले डॉक्टर निरोदबरण यांनी पुढे, १९७२ मध्ये, त्या बारा वर्षांची हकीकत इंग्रजीत प्रसिद्ध केली. एका खोलीपुरते हे जग आहे. पण लेखकाने आपली बावळट भीती, चुका, परिचारकांमधली कुरबूर लपविलेली नाही. महायोग्याला ज्याने आधार देऊन उठविले-बसविले, त्याच्या लेखणीत आपोआप एक प्रामाणिकपणा आला. बंगालचे गायक दिलीपकुमार रॉय यांनीही १९५२ मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात स्वतःच्या शंका, निराशा आणि रुसवे मोकळेपणी मांडले. हेच दिलीपकुमार पुढे पाँडिचेरी सोडून पुण्यास स्थायिक झाले आणि त्यांचे मंदिर पुणेकरांच्या ओळखीचे झाले. शिष्याने आपली तक्रार लिहून ठेवली म्हणजे गुरूंची शांती अधिक कळते, हा धडा या दोन्ही पुस्तकांतून घ्यावा.

अखेरीस मराठी माणसाकडे परत येऊ. साबरमतीला मराठी मंडळी थोडी नव्हती. मामा फडके होते, १९१६ मध्ये आलेले विनोबा होते, काका होते, आणि विष्णु दिगंबरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे होते. आश्रमाची भजनावली खऱ्यांनी सिद्ध केली. १९३० च्या आरंभी आश्रमात देवीची साथ आली. गांधीजींचा टोचण्याला विरोध होता. तथापि आपल्या मताचे ओझे पालकांवर पडत असल्याची बोचही त्यांना होती. काही मुले दगावली. त्यांत पंडितजींचा मुलगा वसंत होता. आणि मार्चच्या १२ तारखेला जी तुकडी दांडीला निघाली तीत पंडितजी गात चालले होते.

हा प्रसंग दोन प्रकारे सांगता येतो. पुत्रशोक गिळून गाणाऱ्या सत्याग्रह्याचे धैर्य म्हणून सांगितला तर ऐकणाऱ्याचा ऊर भरून येतो आणि कोणालाही काही विचारावे लागत नाही. दुसऱ्या प्रकारात प्रश्न उभा राहतो : देवीवर लस होती, ती न टोचण्याचा निर्णय ज्या वातावरणात झाला त्यात बापाला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक कितपत होती? आईला कितपत होती? आज देवीचा रोग जगातून गेला आहे आणि तो लसीने गेला, हे आपण जाणतो. म्हणून आज हा प्रसंग केवळ पहिल्या प्रकारे सांगणे आम्हाला अन्यायाचे वाटते. पंडितजींचे गाणे खरे आहे आणि वसंतचे जाणेही खरे आहे. चांगली आठवण या दोहोंना एका पानावर बसविते आणि वाचकाला त्या पानापाशी थांबू देते. ज्या आश्रमाने सत्याला पहिले व्रत मानले, त्याच्या स्मरणात एवढे धैर्य असावे ही अपेक्षा भक्तिहीन नाही.

असे धैर्य मराठीत नाही असे मात्र नव्हे. गांधीजींचे आत्मचरित्र मराठी वाचकाने ज्यांच्या अनुवादातून वाचले ते सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन काही काळ साबरमतीला होते. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ मध्ये आपल्याला सफाईचे काम मिळावे म्हणून ते हटून बसले, आणि पुढे कोकणात त्यांनी संडासांच्या सुधारणेसाठी आयुष्य वेचले. त्यांची ‘माझी जीवनयात्रा’ भाषेच्या दृष्टीने सडपातळ, अलंकारहीन आहे. आम्हाला ती त्यामुळेच प्रिय आहे. ज्याने मैला उपसला त्याला मूर्तीभोवती धूप जाळावा लागत नाही.

आमच्या वाचकांपैकी कोणी वर्ध्याजवळ, कोणी अहमदाबादेस, कोणी दक्षिणेत नोकरीनिमित्त राहिले असतील; कोणी उमेदीच्या वयात एखाद्या आश्रमात वर्ष-दोन वर्षे काढलीही असतील. त्यांनी आपल्या आठवणी लिहाव्यात, मराठीत लिहाव्यात, अशी आमची विनंती आहे. प्रवचने ग्रंथांतून मिळतील. रसोड्यात कोण रागावे, आजाऱ्यापाशी रात्री कोण बसे, कोण न सांगता निघून गेले आणि त्याची खोली किती दिवस रिकामी राहिली, हे ज्याने पाहिले त्याच्यावाचून दुसरे कोणीही सांगू शकणार नाही. म्हाइंभटांनी जसे एकेकाला गाठून विचारले तसे विचारणारा आता भेटेलच असे नाही. तेव्हा ज्याचे त्यानेच स्वतःला विचारलेले बरे.

आमच्यापुरते आम्ही एक काम केले. त्या वहीच्या शेवटल्या पानावर, पाळ्यांच्या यादीखाली थोडी जागा शिल्लक होती. डोके दुखत नव्हते, हे आम्ही तेथे तारीख घालून लिहून ठेवले, आणि त्या दिवशी दोघांचे काम कोणी केले तेही लिहिले.